बैलाचा खांदा काय सांगतो

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मामा बैलांना ओढ्यावरून धुऊन आणायचे आणि दावणीला बांधायचे. मामी वाटीत हळद आणि लोणी कालवून द्यायची. ते हातावर घेऊन मामा बैलाच्या वशिंडापुढे, जिथं जू बसतं नेमक्या त्या जागी, चोळत राहायचे. ही खांदेमळणी. विदर्भात खांदशेकणी म्हणतात आणि गरम पाण्यात पळसाची पानं बुडवून खांदा शेकतात. मळून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

लहानपणी मला त्या आवतणाचं अप्रूप होतं. बैलाला माणसासारखं जेवायला बोलावतात, ही गोष्टच केवढी गोड! खरं काम मामांचा तळहात करत होता हे मोठेपणी कळलं. एका वर्षी सर्जाचा खांदा मळताना तो हात मध्येच थांबला. "इथं हात लाव बरं. गरम लागतंय का?" मी हात लावला. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती आणि तेवढीच जागा ऊन होती. मी दाबल्याबरोबर सर्जानं मान काढून घेतली, पण आवाज केला नाही. मामांनी जू उतरवून उजेडात धरलं. एका बाजूनं ते झिजून कड तयार झाली होती. पोळा झाल्यावर सुतारानं ती कड तासून दिली आणि गाठ बसेपर्यंत सर्जाच्या मानेवर जू चढलं नाही.

पाळीव जनावरांशी आपलं नातं कसं असावं, हा प्रश्न ऐकायला पुस्तकी वाटतो. त्याला नैतिकता, प्राणीहक्क, पशुकल्याण असे जड शब्द चिकटलेले आहेत. पण तो समजून घ्यायचा तर मला त्या गरम गाठीपासून सुरुवात करावीशी वाटते. म्हणून हा लेख बहुतांशी बैलाबद्दल आहे. महाराष्ट्रात या नात्याच्या सगळ्या गुंतागुंती बैलाच्या आयुष्यात एकत्र येतात: माया, कष्ट, शर्यत, कायदा, दूध आणि म्हातारपण.

आधी एक शब्द घेऊ. मराठीत आपण जनावर 'पाळतो' आणि शब्दही 'पाळतो'. व्रत पाळतो, पथ्य पाळतो, दिलेलं वचन पाळतो. एकाच क्रियापदात सांभाळणं आणि बांधील राहणं दोन्ही आहे, आणि हे मला फार नेमकं वाटतं. कारण पाळीव जनावर हे मुळात आपणच घडवलेलं जनावर आहे. वशिंडाची गुरं सिंधूच्या खोऱ्याच्या परिसरात माणसाळली त्याला सात-आठ हजार वर्षं झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली काशाच्या वस्तू सापडल्या, त्यात दोन बैल जुंपलेला रथ आहे आणि त्यावर हाकणारा माणूस उभा आहे. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातला मानला जाणारा हा रथ पाहिला की जाणवतं, जू मानेवर किती जुनं आहे. या सगळ्या काळात शांत, ऐकणारी, ओढणारी जनावरं आपण वाढवत गेलो आणि मारकी, पळणारी बाजूला काढत गेलो. चपळ खिल्लार, भरपावसात चिखलात टिकणारी डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या जाती निसर्गात आपोआप झालेल्या नाहीत. बैल निमूट उभा राहतो तो त्याला सोसवतं म्हणून, असं समजू नये. हा निमूटपणा त्याच्या रक्तात आपण उतरवला आहे. सोडून दिलं तर कुठं जायचं हे त्याला ठाऊक नसतं, तेही त्यामुळंच. आपली बांधिलकी इथून सुरू होते.

आता पशुकल्याण म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांना वाटतं, मारलं-झोडलं नाही, उपाशी ठेवलं नाही की झालं. प्रत्यक्षात ही फक्त क्रूरता नसण्याची अट झाली. कल्याणाचा प्रश्न जनावराच्या बाजूनं विचारला जातो: त्याचा आजचा दिवस त्याला कसा गेला? ब्रिटनमध्ये कोंदट, यांत्रिक पशुपालनावर टीका वाढली तेव्हा सरकारनं एक समिती नेमली. १९६५ च्या तिच्या अहवालात, ब्रॅम्बेल अहवालात, अगदी साधी अपेक्षा होती: जनावराला उभं राहता, आडवं होता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. पुढं १९७९ साली तिथल्याच पशुकल्याण परिषदेनं त्याची 'पाच स्वातंत्र्यं' केली. भूक-तहानेपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना-जखम-रोगापासून मुक्ती, भीती आणि ताणापासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. पहिलं स्वातंत्र्य आपल्याला नवं नाही. काशीहून आणलेलं कावडीतलं गंगाजल एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची गोष्ट आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. आपण अडखळतो ते चौथ्या आणि पाचव्यापाशी. जनावराला भीती वाटते, कंटाळा येतो, त्याला काही करावंसं वाटतं, हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला पक्कं माहीत असतं. व्यवहारात मात्र त्याची कुठं नोंद होत नाही.

इथं एक अडचण आहे. गाय-बैल हे मूळचे शिकार होणारे प्राणी. कळपात जो लंगडतो, कण्हतो, त्याच्यावर वाघ आधी झडप घालतो. त्यामुळे दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभाव. कुत्र्याच्या पायावर पाय पडला तर ते केकाटतं. बैलाच्या खांद्याला जखम झाली तरी तो चालत राहतो. म्हणून "तो काही तक्रार करत नाही" याला अर्थ नसतो. खुणा दुसरीकडे शोधाव्या लागतात. रवंथ चालू आहे का? धडधाकट जनावर दिवसाचे सात-आठ तास रवंथ करतं, आणि दुखत असलं, घाबरलेलं असलं की तेच आधी थांबतं. कान पडलेत का, डोळ्यांतून पाणी येतंय का, एका पायावरचा भार सारखा बदलतंय का, दावणीला बसायचं टाळतंय का, हे सगळं पाहावं लागतं. पूर्वी हे पाहायला घरातली दहा माणसं असायची. आता पाहणारा एकटा असतो, आणि तोही दमलेला.

खांद्याकडे परत येऊ, कारण बैलाच्या कष्टाचं गणित तिथंच आहे.

सपाट रस्त्यावर चाक नीट फिरत असेल तर जोडी बरंच वजन ओढते. पण दिवसभर न थकता ओढता येईल अशी ओढ बैलाच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. रस्ता चिखलाचा झाला, चढ आला, की तेवढ्याच गाडीला किती तरी जास्त ओढ लागते. हा झाला पुढं खेचण्याचा भाग. दोनचाकी गाडीत आणखी एक भार असतो, तो वरून खाली येतो. माल पुढं जास्त भरला की गाडी धुरजड होते आणि जू मानेवर दाबतं. मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि गळ्याखालची सापती आवळते. जुने गाडीवान पोती भरताना दोन पावलं मागं जाऊन गाडीचा तोल बघायचे. त्यामागं बैलाच्या मानेचा विचार होता. उतारावर तर निराळंच संकट. ब्रेक नसलेली गाडी बैलांना मागून ढकलते आणि तिचा सगळा रेटा ते मानेनं, पुढच्या पायांनी थोपवतात. पायाला मारलेल्या पत्र्या डांबरावर घसरतात. हंगामात उसाच्या रस्त्यावर बैल गुडघ्यावर पडलेला ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात. या जोडीला 'कोयता' म्हणतात. काहींकडे स्वतःची बैलजोडी आणि गाडी असते, काहींना कारखान्याची टायरगाडी मिळते. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि पुष्कळदा बैलही त्याच उचलीतून आलेले असतात. पैसे टनावर मिळतात. आता विचार करा: अंतर तेच, वेळ तेवढाच, आणि मोजदाद टनावर. मग गाडी वरपर्यंत रचली जाणारच. दोन टनांच्या वर ऊस लादलेली गाडी तिथं नवलाची राहत नाही. तो माणूस दुष्ट असतो म्हणून हे होत नाही. खेप चुकली तर उचल फिटत नाही आणि बैल मेला तरी उचल फिटत नाही. त्याची बायको पहाटे चारला फडात उभी असते आणि पोर पाचटावर झोपलेलं असतं. त्या घरात बैल आणि माणूस एकाच जुवाखाली असतात.

कारखान्याच्या आवारातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रात्रीचे अकरा वाजले होते. गाड्यांची रांग लागली होती, नंबर यायला अजून दोन-तीन तास होते. पुष्कळांनी बैल सोडले होते, पण एका गाडीची जोडी तशीच जुंपलेली होती, कारण रांग हलली की लगेच पुढं सरकायचं होतं. डावा बैल मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या तोंडातून लाळेची एकच तार जमिनीपर्यंत लोंबत होती. गाडीवान जुवावर कपाळ टेकून उभ्या उभ्या झोपला होता. उसाची मोळी जिथं टाकतात त्या यंत्राच्या तोंडाला कारखान्यात गव्हाण म्हणतात. गोठ्यातली गव्हाणही तीच. त्या रात्री भरत होती ती फक्त कारखान्याची.

बैलांना खायला मिळतं ते बहुधा वाढं, म्हणजे उसाचा शेंडा. हिरवंगार दिसतं, फुकट मिळतं. पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं कॅल्शियम बांधला जातो आणि अंगी लागत नाही. हंगाम संपता संपता बैल हाडावर येतात त्याला कष्टाइतकंच हेही कारण आहे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा आणि खनिज मिश्रण द्या, असा साधा सल्ला पशुवैद्य वर्षानुवर्षं देत आले आहेत.

कायदा याबद्दल काही म्हणतो का? म्हणतो, आणि बरंच म्हणतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि १९६५ चे ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांचे नियम आहेत. त्यानुसार जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार आरीची पराणी वापरायची नाही. जनावराचा आकार आणि चाकांचा प्रकार पाहून वजनाची मर्यादा ठरवलेली आहे, आणि त्या वजनात गाडीचं वजनही धरायचं आहे. साठ वर्षांपूर्वी लिहिलेले हे नियम आजही चांगले आहेत. मात्र मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज त्या पैशात जनावराच्या जखमेचं मलमसुद्धा येत नाही. शिवाय खच्ची करणं, वेसण घालणं, डाग देणं ही कामं ठरलेल्या पद्धतीनं केली तर त्याच कायद्यानं क्रूरतेतून वगळली आहेत. गोऱ्ह्याचा बैल करताना चिमट्यानं नसा दाबतात. ती वेदना किती असते हे त्या वेळी त्याचे पाय धरणाऱ्यांना माहीत असतं. भूल आणि वेदनाशामक दोन्ही उपलब्ध आहेत. मेलॉक्सिकॅमसारखं औषध स्वस्त आहे आणि मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांनाही त्यानं अपाय होत नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकावर २००६ साली बंदी आली ती गिधाडांचा घात झाल्यामुळं. पर्याय इतका जवळ असताना ते देणं हा रिवाज व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र मला कधीच समजून घेता आलेली नाही. कारखान्यात शिरणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. तिचं भरलेलं वजन छापून येतं, रिकामं झाल्यावरचं येतं, त्याची पावती निघते. म्हणजे जादा भाराचा पुरावा हंगामभर, रोज, प्रत्येक जोडीचा आपोआप तयार होतो. दोष फक्त गाडीवानाच्या चाबकावर ढकलून चालणार नाही. काट्यावर ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या वजनाला दर द्यायचा नाही आणि मर्यादेतल्या खेपेला गाडीवानाचं पोट भरेल असा दर द्यायचा, एवढं कारखान्यांनी ठरवलं तर गाडीची उंची आठवड्यात खाली येईल. रांगेच्या जागी पाण्याचा हौद, सावली आणि बैल सोडून ठेवता येतील अशी टोकन पद्धत, हा खर्चही फार मोठा नाही. आपण चहात साखर घालतो, तिच्या भावात हे बसलं पाहिजे. २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचं एक साधन केलं: जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक आधाराचं चाक. मानेवर वरून येणारा भार ते चाक घेतं. त्या मुलांनी ओझ्याकडे बैलाच्या मानेच्या बाजूनं पाहिलं म्हणून त्यांना हे सुचलं.

शर्यतींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच पुष्कळ आवाज झाला आहे. जुलै २०११ मध्ये केंद्रानं खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी कायम केली. त्या निकालात पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतलेला होता. २०१७ साली महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आजच्या नियमांप्रमाणे धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी, काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका काहीही वापरता येत नाही, आणि मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी घाटावर, म्हणजे बैलगाडे धावतात त्या धावपट्टीवर, शर्यती पाहिल्या आहेत. शर्यतीच्या खोंडाला मिळणारा खुराक, अंघोळ, पायांची मालीश कुठल्याही पैलवानाला हेवा वाटावा अशी असते. त्याला पोरासारखं सांभाळतात हे शंभर टक्के खरं आहे. शर्यती थांबल्या तर खिल्लार जात कोण सांभाळणार, हा प्रश्नही खोटा नाही. तरीही मायेला पुरावा मानायला माझं मन धजत नाही. जनावर माणसाबरोबर मजेनं धावू शकतं, आणि घाबरूनही धावू शकतं. वेग दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक शेपटीच्या मुरगळण्यात, डोळ्यांच्या पांढऱ्यात, सुटण्याआधीच्या थरथरीत असतो. माझं म्हणणं इतकंच की ज्या घाटावर शेपटी पिरगळल्याशिवाय, तिला दात लावल्याशिवाय, टोचल्याशिवाय धाव होते तिथं ती व्हावी. जिथं तसं होत नाही तिथं तो सर्जा-राजाचा खेळ राहत नाही, आणि हे घाटावरच्या जाणत्या माणसांनीच आधी बोललं पाहिजे. निरीक्षकापेक्षा त्यांना बैल जास्त कळतो.

आता त्या भागाकडे येतो जो बोलायला सगळ्यात अवघड आहे. काम संपल्यावर काय?

बैलाचं वय दातांवरून कळतं: अदात, दुसा, चौसा, मग जुळलेला. बारा-चौदा वर्षांचा झाला की ओढ कमी होते. नीट सांभाळला तर पुढं पाच-सहा वर्षंही जगतो. मध्यम बांध्याच्या बैलाला दिवसाला सात-आठ किलो तरी सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला अडीच-तीन टन. पाच वर्षांचे झाले बारा ते पंधरा टन. कोरडवाहू तीन एकरवाल्याला दुष्काळात हा हिशोब कसा जमावा? पूर्वी म्हातारा बैल बाजारात जायचा, तिथून कसायाकडे, आणि त्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा यायचा. गाईच्या कत्तलीवर राज्यात १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. बैल आणि वळूंना ती लावणारी १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. जीव वाचावा ही भावना मी मनापासून समजू शकतो. पण कायद्यानं मरण थांबवलं आणि जगवायचं कुणी, कशानं, हे शेतकऱ्यावर सोडून दिलं. गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी रोज पन्नास रुपये द्यायचं राज्य सरकारनं २०२४ साली ठरवलं. दावणीला म्हातारा बैल ठेवणाऱ्याला मात्र त्यातून काही मिळत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभर पन्नास लाखांच्या वर मोकाट गुरं मोजली गेली. महामार्गाच्या दुभाजकावर रात्री बसलेली, पोटात प्लॅस्टिक साठवणारी गुरं म्हणजे कुणाच्या तरी न पाळलेल्या शब्दाचं रूप आहे. त्यात शेतकऱ्याचा वाटा आहे, आणि कायदा करताना चाऱ्याची सोय न करणाऱ्यांचाही आहे.

शहरातला माणूस इथवर वाचून म्हणेल, माझा बैलाशी काय संबंध? संबंध दुधातून येतो. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. निम्मी वासरं नर होतात. पूर्वी नर वासरू म्हणजे उद्याचा बैल होता. आता ट्रॅक्टर आला, आणि होल्स्टिन-जर्सीच्या संकराच्या गोऱ्ह्याला वशिंड फारसं नसतं, उन्हात दम लागतो, त्यामुळे त्याला जुंपायलाही कुणी घेत नाही. २०१९ च्या गणनेत देशात माद्या साडेचौदा कोटी होत्या आणि नर पावणेपाच कोटींच्या आसपास. सात वर्षांत माद्या अठरा टक्क्यांनी वाढल्या आणि नर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. जन्माला तर दोन्ही सारखेच येतात. मधली तफावत कुठं गेली, हे आकड्यात लिहिलेलं नाही, गोठ्यात मात्र सगळ्यांना माहीत आहे. गोऱ्ह्याला कुणी मारत नाही. त्याला फक्त कमी पाजलं जातं.

खरवस आपल्या सगळ्यांच्या आवडीचा. तो चिकाचा होतो. गाईच्या गर्भात आईकडून वासराला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून, जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, मिळते. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात गेला पाहिजे. चांगल्या दुधाळ गाईला त्याहून जास्त चीक असतो, त्यामुळे वासराचं पोट भरल्यावर खरवस करायला काहीच हरकत नाही. पण कालवडीला चीक आणि गोऱ्ह्याला ढकलून देणं, हा भेद पुष्कळ गोठ्यांत होतो. ते वासरू पंधरा दिवसांत हगवणीनं जातं आणि 'लागलं नाही' एवढीच त्याची नोंद होते.

लिंग निश्चित केलेल्या रेतमात्रा आता मिळू लागल्या आहेत. त्यातून दहातल्या नऊ वेळा कालवड होते. माझ्या मते हे चांगलं पाऊल आहे. नको असलेला जीव जन्माला घालून हळूहळू उपाशी मारण्यापेक्षा तो न जन्मलेला बरा. यावर कुणी म्हणेल, मग दूधच कशाला? असं म्हणणारे प्राणीहक्कवादी आहेत आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे: जनावर आपल्या उपयोगासाठी नाही, म्हणून जू, दावण, चरवी सगळंच चूक. दुसरी बाजू, कल्याणवाद्यांची, म्हणते की उपयोग करा, पण त्याचं आयुष्य त्याला जगण्याजोगं ठेवा. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मात्र ही बाजू सोपी आहे असं समजून जे तिच्यात येतात त्यांच्याशी माझं जमत नाही. ती बाजू घेतली की दुधाच्या दरात गोऱ्ह्याचा चारा धरावा लागतो, साखरेच्या दरात बैलाची विश्रांती धरावी लागते आणि बैल विकत घेतानाच त्याच्या शेवटच्या पाच वर्षांचा कडबा मोजावा लागतो. ते परवडणार नसेल तर ट्रॅक्टर भाड्यानं घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

मामांनी तेच केलं. सहा वर्षं झाली, नांगरट आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. सर्जाचा जोडीदार राजा तीन वर्षांपूर्वी गेला, सर्जा अजून आहे. दात झिजलेत म्हणून मामी त्याला कडब्याची कुट्टी भिजवून देते. मागच्या पोळ्याला मी गेलो तेव्हा मामांनी वाटी माझ्याच हातात दिली. मी वशिंडापुढे हळद-लोणी लावलं आणि मळायला लागलो. जुवानं पडलेलं घट्टं, जे पूर्वी जोड्याच्या तळासारखं टणक असायचं, ते मऊ पडलं होतं. त्यावर बारीक पांढरे केस उगवले होते. मी जरा जोरानं दाबून पाहिलं. सर्जानं मान काढून घेतली नाही. तो रवंथ करत होता.